एकलव्याचा अर्ज

दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान आटोपून मंडळी फराळाला बसली, की बहुतेक घरांत एक छोटासा खटला उभा राहतो. थोरल्याच्या ताटलीत चार करंज्या पडलेल्या असतात आणि धाकट्याच्या ताटलीत तीन. धाकटा ताबडतोब फिर्याद गुदरतो, "त्याला जास्त!" आई सांगते, "अरे, तो मोठा आहे." आजी म्हणते, "त्याच्या करंज्या लहान आहेत, नीट बघ तरी." आणि वडील नुकत्याच आलेल्या दिवाळी अंकातून मान वर न करता म्हणतात, "सणासुदीला कटकट नको." झाले! वाचकहो, मोठमोठ्या न्यायालयांनी भेदभावाच्या तक्रारींविषयी जी मीमांसा केली आहे, ती सारी बीजरूपाने या चार वाक्यांत येऊन गेली. धाकट्याने तुलना केली. आईने कारण दिले. आजीने मूळ घटनेविषयीच शंका काढली. आणि वडिलांनी बहुतेक अधिकारी करतात तेच केले. तक्रार खरी की खोटी हे न पाहता, तक्रार करणे हाच अपराध ठरविला.

करंजीचा खटला चिवडा संपायच्या आत मिटतो. परंतु वाटली जाणारी वस्तू करंजी नसून कसब असेल, पोट भरण्याचे काम असेल, आणि वाटणारा हात आईचा नसून सरकारचा असेल, तर तोच खटला एखाद्याच्या साऱ्या आयुष्याला वळण देऊन जातो. आपल्या देशात १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना चालत आली आहे. तिच्यातूनच आपले 'आयटीआय' उभे राहिले. शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. रोजगार विनिमय केंद्रे त्याहूनही जुनी. या दारांशी रोज माणसे जातात. एकाला सांगतात, "जागा भरल्या." एकीला सांगतात, "यंत्रकाम बायकांना झेपत नाही, तू शिवणकाम घे." तिसऱ्याला प्रवेश मिळतो, पण वर्ग भरतो वरच्या मजल्यावर आणि त्याच्या काखेत कुबड्या आहेत. चौथा शिकाऊ म्हणून कारखान्यात जातो आणि वर्षभर झाडू मारून परत येतो. हे चौघे म्हणतात, "आमच्यावर अन्याय झाला, आणि आम्ही जे आहोत ते आहोत म्हणूनच झाला." अधिकारी म्हणतो, "सारे नियमाप्रमाणे झाले."

आता खरे कोणाचे? आणि ते ठरवायचे कसे? वरवर पाहता हा वकिलांचा प्रश्न आहे. मला मात्र तो नीतिशास्त्राचा वाटतो. कारण त्याच्या मुळाशी एक जुने कोडे आहे. अन्याय राहतो कोठे? करणाऱ्याच्या मनात, त्याने लावलेल्या नियमात, की सोसणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या फळात?

या कोड्यासाठी दूर जाण्यापूर्वी आपण घरच्याच एका जुन्या प्रकरणाची फाईल उघडू. हस्तिनापुरात द्रोणाचार्यांची जी शाळा होती, ती आजच्या भाषेत सरकारी खर्चाने चालणारी प्रशिक्षण संस्थाच होती. भीष्मांनी आचार्यांना धनधान्याने भरलेले घर दिले आणि कुमार त्यांच्या हवाली केले. आचार्यांची कीर्ती ऐकून देशोदेशीचे राजपुत्र आले. निषादराज हिरण्यधनूचा मुलगा एकलव्य हाही आला. आचार्यांनी त्याला घेतले नाही. का घेतले नाही हे आदिपर्वात लपवून ठेवलेले नाही: हा निषादाचा मुलगा, हे मनात आणून आणि आपल्या इतर शिष्यांकडे पाहून. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. मातीची मूर्ती, कुत्र्याच्या तोंडात भरलेले सात बाण आणि शेवटी उजव्या हाताचा अंगठा. आपण ही कथा लहानपणापासून गुरुभक्तीची कथा म्हणून ऐकत आलो. पण समजा, एकलव्याने रानात जाऊन मूर्ती करण्याऐवजी भीष्मांच्या कचेरीत एक अर्ज दिला असता, की 'सरकारी खर्चाच्या शाळेत मला जन्मावरून प्रवेश नाकारला, तरी न्याय व्हावा.' त्या अर्जाची छाननी कशी झाली असती?

कचेरीतील कारकुनाने पहिली हरकत ही घेतली असती की, कोणाला शिकवावे हा गुरूचा अधिकार आहे. त्यात सरकारने का पडावे? ही हरकत वाटते तितकी पोकळ नाही. माझ्या घरी पाटावर कोणाला बसवावे हे मी ठरवीन. परंतु अन्नछत्रात पंगतीला कोण बसणार, हे वाढप्याला ठरविता येत नाही. धान्य त्याचे नसते. सरकारी पैशाने ही जी जात बदलते ती विसरता कामा नये.

महाराष्ट्राला हे नीट समजावे असा एक मोठा प्रयोग येथेच झाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर राबविली गेली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रुपयांतून माणदेशातील मजूर बाईला बांधावर किंवा रस्त्यावर काम मिळत असे. ही भीक नव्हती. काम मागणे हा तिचा हक्क होता, आणि काम वाटणारा अधिकारी हा दाता नसून विश्वस्त होता. दात्याला आवडनिवड असू शकते. विश्वस्ताला ती परवडत नाही. शिवाय कर काही पगारदारच देतो असे नाही. काडेपेटी विकत घेणाराही तो देतो. ज्याला दाराबाहेर उभे केले, त्याच्याही पैशाचे तेल आतल्या दिव्यात जळत असते. एकलव्याच्या अर्जाला पहिला आधार मिळतो तो येथे.

कारकुनाची दुसरी हरकत अधिक चतुर असती. "शाळा राजपुत्रांसाठी आहे. नियमच तसा आहे. त्यात निषादाचा अपमान नाही." आता तुलना करण्याची वेळ आली. नियम राजपुत्रांचा म्हणाल, तर एकलव्यही निषादांच्या राजाचाच पुत्र. नियम क्षत्रियांचा म्हणाल, तर सूताच्या घरचा राधेय द्रोणांकडे शिकावयास आला होता असे आदिपर्वच सांगते. म्हणजे नियम एका बाजूने ओढला तर एकलव्य आत येतो आणि दुसऱ्या बाजूने ओढला तर कर्ण बाहेर जातो. सर्वांना सारखा लागत नाही तो नियम कसला? तो एखाद्यापुरताच उघडलेला बहाणा असण्याचा संभव अधिक.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये मॅक्डोनेल डग्लस कंपनीच्या खटल्यात याच तपासणीला तीन पायऱ्या घालून दिल्या. प्रथम तक्रारदाराने एवढेच दाखवावे की, मी अमुक वर्गातला. मी कामास लायक होतो. मी मागितले तेव्हा मला नाकारले. आणि नाकारल्यावरही जागा रिकामीच होती व तिच्यासाठी माणूस शोधला जात होता. मग मालकाने आपले कारण सांगावे. मग ते कारण केवळ बहाणा आहे हे दाखविण्याची संधी तक्रारदाराला मिळावी. या पायऱ्यांत शहाणपण आहे. 'साहेबांच्या मनात काय होते ते आधी सिद्ध कर,' असे गरिबाला पहिल्याच दिवशी सांगितले तर त्याचा अर्ज तेथेच मेला. मन कोणाचे उघडून दाखविता येते? परंतु कारण एकदा कागदावर आले की तो कागद दुसऱ्या कागदांशी ताडून पाहता येतो. तुझ्या आधी आलेल्याला हेच कारण लावले होते काय? तुझ्या नंतर आलेल्याला लावले काय? 

मन आणि जीभ यांतील अंतर व्यासांना तर पुरते ठाऊक होते. शांतिपर्वात कर्णाची पुढची हकीकत आहे. तो द्रोणांकडे एकांतात जाऊन ब्रह्मास्त्र मागतो. आचार्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या असे तेथे सांगितले आहे: अर्जुनाविषयीचा पक्षपात आणि कर्णाच्या दुष्ट हेतूची जाणीव. परंतु तोंडाने त्यांनी तिसरेच कारण सांगितले. हे अस्त्र व्रतस्थ ब्राह्मणाने किंवा तपस्वी क्षत्रियाने जाणावे, दुसऱ्याने नव्हे. मनातले दुसरे कारण, म्हणजे हा मनुष्य अस्त्राचा दुरुपयोग करील ही शंका, कदाचित समर्थनीय होते. पण ते बोलले गेले नाही. बोलली गेली ती जात. ज्या अधिकाऱ्याला खरे कारण सांगण्याचे धैर्य नसते तो नियमाच्या आड जातो, आणि मग त्याचे समर्थनीय कारणही कोणी मानीत नाही, यात नवल काय?

येथवर प्रश्न सोपा होता, कारण कोणाच्या तरी मनात काही तरी होते. परंतु मनात काहीच नसेल तर? नियम खरोखरच सर्वांना सारखा लावला आणि तरीही एकाच वर्गाची माणसे पुनःपुन्हा बाहेर राहिली तर?

मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळी अस्पृश्य गणलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. गिरणीतील चांगली मजुरी त्या खात्यात होती. कारण असे देत की, धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून काढावे लागते, आणि अशा उष्ट्या धोट्याला इतर विणकर हात लावणार नाहीत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. आता या प्रकरणातील एक बारकावा पाहा. विणकाम पुस्तकातून येत नाही. साच्यापाशी उभे राहूनच ते हाताला लागते. ज्याला साच्यापाशी उभेच राहू दिले नाही, तो शिकणार कोठून? आणि दहा वर्षांनी त्याला 'तुला विणता येत नाही' असे सांगितले, तर ते विधान अक्षरशः खरे असते. ते सांगणारा नवा जॉबर कदाचित विटाळ मानीतही नसेल. तो फक्त कसब विचारतो. भेदभावाची ही मोठी करामत आहे. तो आधी खोटे कारण देतो आणि काही वर्षांत ते कारण खरे करून दाखवितो. म्हणूनच प्रशिक्षणाच्या दाराशी होणारा अन्याय नोकरीच्या दाराशी होणाऱ्या अन्यायाहून खोल जातो. नोकरी नाकारली तर एक नोकरी जाते. शिकणे नाकारले तर पुढच्या साऱ्या नकारांना सबळ कारण मिळते.

ज्या खटल्याने हा विचार कायद्यात आणला तो अमेरिकेतील ग्रिग्ज यांचा. उत्तर कॅरोलायना राज्यात ड्यूक पॉवर कंपनीच्या एका वीजकेंद्रात काळ्या कामगारांना फक्त झाडलोट-हमाली खात्यात घेत. त्या खात्यातील सर्वांत मोठा पगार दुसऱ्या खात्यांतील सर्वांत लहान पगारापेक्षाही कमी होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अशी वाटणी बंद केली. तो १९६५ मध्ये अमलात आला तेव्हा कंपनीने चांगल्या खात्यांसाठी अट ठेवली: शालान्त परीक्षा आणि दोन बौद्धिक चाचण्या. अट सर्वांना सारखी. परंतु ज्या राज्यात काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या आणि हलक्या ठेवल्या होत्या, तेथे ती अट कोणाला अडविणार हे सांगावयास नको. गंमत अशी की, शालान्त परीक्षा न झालेले जुने गोरे कामगार त्याच खात्यांत उत्तम काम करीत होते. कंपनीच्या मनात पाप होते असेही न्यायालयाने म्हटले नाही. कामगारांच्या शिक्षणाची दोनतृतीयांश फी भरण्याची तयारी तिने दाखविली होती. तरीही ८ मार्च १९७१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, कायदा केवळ हेतू पाहत नाही, परिणामही पाहतो. आणि जी अट कामाशी निगडित आहे असे दाखविता येत नाही ती टिकणार नाही.

आपल्याकडे हाच विचार आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सैन्यातील स्त्री-अधिकाऱ्यांच्या प्रकरणात मांडला. कायम नियुक्तीसाठी शारीरिक पात्रतेची कसोटी स्त्रियांना आणि पुरुषांना एकच होती. परंतु पुरुषांची पारख तरुणपणी झाली होती आणि स्त्रियांची, आधी दार बंद असल्यामुळे, पुष्कळ वर्षांनी झाली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी त्या निकालात ग्रिग्ज खटल्याचा आधार घेतला. नियम सारखा, पण त्या नियमाशी पोहोचण्याच्या वाटा सारख्या नाहीत.

हाच न्याय खाली आणून पाहा. दुष्काळी कामावर मजुरी मोजमापावर मिळे. दर बाईला आणि पुरुषाला एकच. यात भेदभाव कोठे? परंतु दर बांधताना डोळ्यांपुढे कोण होता? सकाळी भाकरी थापून, पाणी भरून, अंगावरचे मूल झाडाखाली निजवून कुदळ हातात घेणारी बाई, की धट्टाकट्टा गडी? समान दराने मोजूनही संध्याकाळी तिच्या हातावर कमी पैसे पडत. २००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळावयास एका बाईला मजुरी देऊन नेमावे, अशी तरतूद होती. ती कोणाला मेहेरबानी वाटेल. मला ती मोजपट्टीची दुरुस्ती वाटते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तर स्पष्टच सांगतो की, वाजवी सोय करून देण्याचे नाकारणे हाही भेदभाव आहे. कुबड्यांवर आलेल्या मुलाला 'जिना सर्वांना सारखाच आहे' हे उत्तर देऊन चालत नाही.

येथे कोणी विचारील, आणि विचारणे रास्त आहे, की परिणामावरूनच सारे ठरवायचे तर जगात निर्दोष कोण उरेल? वर्गात मुली कमी दिसल्या की मास्तर पापी? अमेरिकेत हा वाद आजही पेटलेला आहे. एप्रिल २०२५ मध्ये तेथील राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून, केवळ परिणामावरून जबाबदारी धरण्याची पद्धत सरकारी खात्यांनी शक्य तेथे सोडावी असे सांगितले. माझ्या मते या वादात दोन्ही बाजू एका गोष्टीची गल्लत करतात. ते आकड्याला निकाल समजतात. आकडा हा निकाल नव्हे, समन्स आहे.

१९७८ मध्ये तेथील सरकारी खात्यांनी एक ढोबळ हिशेब घालून दिला होता. ज्या गटातून सर्वांत अधिक प्रमाणात निवड झाली, त्या प्रमाणाच्या चार पंचमांशांहून दुसऱ्या गटाचे प्रमाण कमी भरले, तर कोठे तरी पाणी मुरते आहे असे समजावे. शंभर मुलग्यांतून पन्नास घेतले आणि शंभर मुलींतून तीसच. पन्नासाचे चार पंचमांश चाळीस. तीस त्याहून कमी. तेव्हा चौकशी करा. चौकशी करा, इतकेच. कारण आकडे फसवितातही. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पदव्युत्तर प्रवेशांत पुरुष अर्जदारांपैकी सुमारे ४४ टक्के घेतले गेले आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के. उघड अन्याय! परंतु एकेक विभाग सुटा करून पाहिला तेव्हा बहुतेक विभागांत स्त्रियांच्या विरुद्ध पक्षपात सापडेना. जेथे जागा थोड्या आणि गर्दी फार, अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज अधिक गेले होते. दारवान सुटला. पण प्रश्न सुटला काय? मुली त्याच अरुंद दारांशी का गेल्या? त्यांना तिकडे कोणी वळविले? घराने, शाळेने, की 'हे तुला झेपणार नाही' या वाक्याने?

आता मूळ कोड्याकडे परत येऊ. अन्याय कोठे राहतो? मला वाटते, तो तिन्ही ठिकाणी राहतो. पण तिन्ही ठिकाणी त्याला एकच शिक्षा नाही. तो मनात सापडला तर माणूस दोषी, आणि त्याला शासन व्हावे. तो नियमात सापडला तर माणूस निर्दोष असू शकेल, परंतु नियम बदलावा. तो नुसता फळात दिसला तर अजून कोणीच दोषी नाही. फक्त शोध घेण्याचे कर्तव्य उत्पन्न झाले. आपल्या कचेऱ्यांतून तक्रारी दडपल्या जातात याचे एक कारण हेच की, आपण हे तीन निवाडे वेगळे करीत नाही. 'तुमच्या योजनेत मुली मागे राहिल्या' असे म्हटले की अधिकाऱ्याला ऐकू येते, 'तुम्ही दुष्ट आहात.' मग तो दुष्ट नसल्याची शपथ घेतो, आणि मुली होत्या तेथेच राहतात. दोष आणि नुकसान ही दोन वेगळी खाती आहेत. दोषाच्या खात्यात शून्य असले तरी नुकसानीच्या खात्यात भली मोठी रक्कम असू शकते, आणि ती कोणी तरी फेडलीच पाहिजे.

प्रवेश दिला म्हणजे ती फिटली असेही नाही. कर्णाला शाळेत घेतले. ब्रह्मास्त्र मात्र दिले नाही. १९९१ मध्ये अमेरिकी संसदेच्या हिशेबतपासणी कार्यालयाने सरकारी खर्चाच्या रोजगार-प्रशिक्षण योजनेची पाहणी केली. तेव्हा कित्येक ठिकाणी असे दिसले की, काळ्या उमेदवारांना प्रत्यक्ष कसब शिकविण्याऐवजी नुसती नोकरी शोधण्यास मदत देऊन वाटेस लावण्याचे प्रमाण गोऱ्यांहून अधिक होते, आणि स्त्रियांना जे शिकविले जाई ते कमी पगाराच्या कामांचे असे. हजेरीपटावर सर्वांची नावे होती. म्हणून तक्रार तपासणाऱ्याने दाराशी उभे राहून माणसे मोजू नयेत. आत जाऊन कोणाच्या हातात पाना आहे आणि कोणाच्या हातात झाडू, हे पाहावे.

एकलव्याच्या कथेत एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. या साऱ्या प्रकरणात तक्रार झाली होती! ती एकलव्याने केली नाही, अर्जुनाने केली. त्याने आचार्यांना एकांतात गाठून आठवण दिली की, माझ्याहून वरचढ शिष्य असणार नाही असे आपण म्हणाला होता, मग हा कोण? त्या तक्रारीची दखल ताबडतोब घेतली गेली. आचार्य स्वतः रानात गेले आणि अंगठा घेऊन तिचे निवारण केले. अर्जुनाच्या मनाचा ताप गेला असे आदिपर्व सांगते. एकलव्याने मात्र हसतमुखाने अंगठा दिला. त्याची लेखी संमती घेतली असती तर ती देखील मिळाली असती.

यातून मी दोन गोष्टी शिकलो. एक ही की, तक्रारींची वही ही अन्यायाची वही नसते. ती आवाज असणाऱ्यांची वही असते. ज्याला आचार्यांशी एकांतात बोलता येते त्याची तक्रार नोंदली जाते. ज्या कचेरीत वर्षभर एकही तक्रार आली नाही, तेथे एक तर रामराज्य आहे किंवा भीती आहे. आणि रामराज्य क्वचितच असते. दुसरी ही की, अर्जुनाची तक्रार आणि एकलव्याचा न लिहिलेला अर्ज यांत जातीचा नव्हे, मागणीचा फरक आहे. एकलव्य म्हणतो, मलाही शिकवा. अर्जुन म्हणतो, त्याला कमी करा. धाकट्याच्या 'त्याला जास्त!' या ओरडण्यातही हे दोन्ही अर्थ दडलेले असतात: 'मलाही द्या' आणि 'त्याचे काढून घ्या'. कोणाही तक्रारदाराला, तो मागासलेल्या जातीचा असो की पुढारलेल्या, हा प्रश्न विचारावा. राखीव जागेमुळे आपली जागा गेली असे मानणारा मुलगाही कचेरीत येतो; त्याचेही म्हणणे शांतपणे ऐकावे, त्यालाही तोच तराजू लावावा. ऐकून घेतल्याने कोणाचे काही जात नाही. तक्रार खोटी निघाली तर अधिकाऱ्याचीही अब्रू निष्पक्ष चौकशीनेच वाचते. दडपलेल्या तक्रारीने ती कायमची संशयात राहते.

पण ऐकावयाचे तर आधी नोंद हवी, आणि वेळेवर हवी. २००५ च्या कायद्यात पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता आणि तक्रारीचा निकाल सात दिवसांत, असे लिहिले होते. परंतु काम मागितल्याची तारीख घातलेली पावतीच मिळाली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कोठून? तोंडी मागणी हवेत विरते. अपंगांच्या कायद्यात तक्रार नोंदवहीत घेतल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी असे आहे. अमेरिकेत २०१४ च्या मनुष्यबळ कायद्याखाली तक्रारीला १८० दिवसांची मुदत, संस्थेच्या उत्तराला ९० दिवस, आणि ते न पटल्यास वर जावयास ३० दिवस. ही नुसती कारकुनी नव्हे. शिकण्याचे वय थांबून राहत नाही. तीन वर्षांनी 'तुझे म्हणणे खरे होते' असे पत्र आले, तोवर त्या मुलाने वीटभट्टीवर काम धरलेले असते आणि मुलीचे लग्न झालेले असते. अंगठा गेल्यावर एकलव्याने उरलेल्या बोटांनी बाण सोडून पाहिले, पण पहिली चपळाई राहिली नाही, एवढे एक वाक्य व्यासांनी लिहून ठेवले आहे. उशिरा मिळालेल्या न्यायाचे याहून मोजके वर्णन मी वाचलेले नाही. म्हणून अशा तक्रारीची खरी भरपाई पत्राने होत नाही, पैशाने क्वचित होते. ज्याला शिकविले नाही त्याला शिकविणे, आणि वेळ गेलेली नसताना शिकविणे, हीच तिची भरपाई.

द्रोणाचार्य दुष्ट होते असे मी म्हणत नाही. ते शब्दाला बांधलेले होते, घरच्या दारिद्र्याने पोळलेले होते, आश्रयदात्याच्या मिंधेपणात होते. आपल्यापैकी पुष्कळजण त्यांच्याहून वेगळे नाहीत. आपणही कोणाच्या तरी अर्जावर शेरा मारतो, कोणाला तरी कामाला घेतो, कोणाला तरी 'बघू' म्हणून परत पाठवितो. त्या वेळी आपल्या मनात पाप नसते. फक्त एक साधा प्रश्न मनात येत नाही: हेच कारण मी काल दुसऱ्याला लावले होते काय?

आणि हा प्रश्न विचारण्याची सवय कचेरीत लागत नाही. ती घरातच लागावी लागते. म्हणून उद्या पहाटे फराळाच्या वेळी धाकटा ओरडला, तर माझी घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. हातातला अंक, हा लेख अर्धा राहिला असला तरीही, क्षणभर खाली ठेवावा. दोन्ही ताटल्या जवळ घ्याव्यात आणि करंज्या खरोखरच मोजाव्यात.